एकोणीसची लग्नं

"एकोणीसची लग्नं उडव. हो, सगळी. अठराची तर आधीच गेलीत ना?"

लॅमिंग्टन रोडवरच्या एका अरुंद दुकानात माझ्या पुढे उभा असलेला मुलगा फोनवर कुणाला तरी हे सांगत होता, २०१९ मध्ये टिपलेल्या लग्नांच्या चित्रणाबद्दल. पंचविशी ओलांडलेला, खांद्याला कॅमेऱ्याची जाड काळी बॅग, कपाळावर घाम. त्याने आठ टीबीच्या, म्हणजे आठ टेराबाइट जागेच्या हार्ड डिस्कचा भाव विचारला होता. दुकानदाराने सांगितला. त्याने परत विचारला, तेव्हा दुकानदाराने काही न बोलता कॅल्क्युलेटर फिरवून त्याच्यासमोर धरला. "रेट रोज बदलतोय, भाऊ. आज घेतलीत तर या भावात देतो, उद्याचं मला विचारू नका." मुलगा थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, मग बाजूला सरकला, फोन लावला आणि ते वाक्य बोलला. आवाजात चीड नव्हती, हळहळही नव्हती. पाहुणे यायचेत म्हणून माळ्यावरचं सामान हलवायला सांगावं, तसा सूर. फोन ठेवून तो म्हणाला, "चार टीबीचीच द्या मग." पैसे दिले, खोका बॅगेत कोंबला आणि फूटपाथवरच्या गर्दीत दिसेनासा झाला.

मलाही चार टीबीचीच हवी होती. घरची डिस्क भरत आली होती आणि मधूनच टक्‌-टक्‌ असा बारीक आवाज करायला लागली होती. डिस्क मरायला टेकल्याचा तो आवाज ज्यांनी आयुष्यात एकदा ऐकलाय, ते पुढचा पगार होण्याची वाट बघत नाहीत. जुन्या डिस्कचं बिल मी सोबत घेऊन गेले होते, साडेआठ हजारांचं. तीच कंपनी, तेवढीच जागा, आणि आता तेरा हजारांच्या वर. एवढा फरक कसा, असं विचारल्यावर दुकानदाराने दोन्ही हात वर केले. "मॅडम, सीसीटीव्हीवाले रोज भांडतात माझ्याशी. सोसायट्यांना त्यांची कोटेशनं जुन्या भावाने गेलीत. पण वरूनच माल सुटत नाही. सगळा एआयवाल्यांनी उचललाय." घरी विचारून सांगते, म्हणाले आणि बाहेर पडले. ग्रँट रोडहून दादर, दादरहून कल्याणची फास्ट. दारातला वारा, कोपरे, कुणाच्या तरी डब्यातला लसणीच्या चटणीचा वास. डोक्यात मात्र भाव नव्हता. एकोणीसची लग्नं होती. कुणाची होती ती? त्यांना कुणी विचारलं का? आणि मला, जिचा त्या लग्नांशी काही संबंध नाही, तिला ते वाक्य असं का टोचत होतं, हे ठाणं मागे पडेपर्यंत उमगलं नाही.

भाव का वाढले, हे तसं आता सगळ्यांना माहीत आहे. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या उरल्यात तीन: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा डिस्कचा धंदा सीगेटने २०११ साली घेतला, हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने २०१२ मध्ये. या तिघींनी मागे भरमसाट माल काढून हात पोळून घेतलेत, त्यामुळे मागणी वाढली म्हणून कुणी धावत सुटून नवे कारखाने काढत नाही. आहे त्याच डिस्कमध्ये जास्त जागा कशी बसवता येईल, यावर सगळा भर. सीगेटने २०२४ मध्ये तीस टीबीच्या डिस्क आणल्या, त्यात डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीवरचा एक अतिसूक्ष्म ठिपका लेझरने क्षणभर तापवून त्यावर लिहितात. पण त्या डिस्क मुख्यतः आपल्यासारख्यांसाठी नसतात, त्यांची गिऱ्हाइकं वेगळी. सप्टेंबर २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलने सगळ्याच मालाचे भाव वाढवत असल्याचं व्यापाऱ्यांना कळवलं, आणि पुढच्या काही महिन्यांत २०२६ चं उत्पादन जवळजवळ सगळं विकलं गेलंय, असं जाहीर सांगितलं. वर्ष नुकतं सुरू झालेलं, आणि वर्षभराचा माल संपलेला. मोठी क्लाऊडवाली, म्हणजे इंटरनेटवरून साठवणीची जागा भाड्याने देणारी गिऱ्हाइकं दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे करार करून बसलीत. तुमच्या-माझ्यासारख्यांचा, म्हणजे एक डिस्क घ्यायला लोकलने जाणाऱ्यांचा, वेस्टर्न डिजिटलच्या उत्पन्नातला वाटा शेकडा पाचच्या आसपास. एवढ्याशा वाट्यासाठी कोण कशाला खोळंबेल?

आमच्या घरात एक मेलेली डिस्क आहे. भाच्याने मागे एका रविवारी तिचे ते चांदणीच्या खाचेचे स्क्रू सोडवून ती उघडली, तेव्हा मी पहिल्यांदा आत बघितलं. इतकी वर्षं मी जिच्यावर घरादाराचं सगळं ठेवत आले, ती आतून एवढी देखणी असेल असं वाटलं नव्हतं. आरशासारखी नव्हे, आरसाच. भाच्याचं नाक, मागची खिडकी, खिडकीतली तुळस, सगळं त्या तबकडीत लख्ख. तिच्यावर झुकलेला एक बारीक हात, आणि त्याच्या टोकाला तांदळाच्या कणीपेक्षाही लहान काळा ठिपका. तोच वाचतो, तोच लिहितो. तबकडी मिनिटाला पाच-सात हजार फेरे घेत असते आणि तो ठिपका तिच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटरवरून तरंगत जातो. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. भाच्याला हे सांगताना माझाच श्वास अडकला. त्या ठिपक्यामागे १९८८ साली आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी वेगवेगळं काम करत शोधलेला चुंबकाचा एक गुण आहे. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं, आणि त्याच वर्षी एक टीबीची पहिली डिस्क बाजारात आली. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली ती दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्यांची, आणि एवढं धूड करून त्यात पन्नास लाख अक्षरं मावायची. आजच्या फोनमधला एखादा बरा फोटो तिच्यात जेमतेम बसला असता. तिथपासून आमच्या कपाटातल्या वीतभर डिस्कपर्यंत जो प्रवास झाला, त्याने सामान्य माणसाच्या घराला काय दिलं, याचा हिशेब कुणी मांडलेला मी वाचला नाही.

माझ्यापुरता तो हिशेब पाण्यापासून सुरू होतो.

२६ जुलै २००५ ला कल्याणमध्ये आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं. रात्री आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे होतो. दुसऱ्या दिवशी दार ढकलून आत गेलो तेव्हा चिखलाचा, रॉकेलचा आणि भिजलेल्या गाद्यांचा एकत्र वास आला, तो अजून नाकात आहे. गहू फुगून पोतं फाटलं होतं. आईने सगळ्यात आधी कपाटाचा खालचा खण ओढला, कारण तिथे अल्बम होते. ते चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले जुने अल्बम ज्यांच्याकडे होते त्यांना ठाऊक असेल, पाणी लागल्यावर फोटो सुटत नाहीत. सोडवायला गेलं की चेहराच कागदाला चिकटून निघून येतो. आईने दोन-तीन पानं सोडवून बघितली आणि मग थांबली. बाबांनी जे थोडे सुटे निघाले ते दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. वाळल्यावर ते वाटोळे वळले आणि रंग एकमेकांत उतरले. मुंजीतल्या माझ्या भावाचं डोकं तेवढं ओळखू यायचं, बाकी सगळी शेंदरी झाक.

पंधरा-वीस दिवसांनी सांगलीहून मामा आला. तांदूळ, डाळी, आम्हा सगळ्यांना कपडे, आणि पिशवीच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. आई वर्षानुवर्षं प्रत्येक रोल धुऊन आला की दोन-चार प्रती जास्त काढून माहेरी पाठवायची. आजीला नातवंडं दिसावीत म्हणून. आजीने त्या सगळ्या डब्यात जपल्या होत्या, मागे तारखा घालून. आमच्या घरातलं जे वाहून गेलं, त्यातलं निम्मं तरी त्या डब्यातून परत आलं. आजकाल संगणकवाले एक नियम सांगतात: तीन प्रती ठेवा, दोन प्रकारच्या साधनांवर ठेवा, एक तरी घराबाहेर ठेवा. आजीला नियम कुणी सांगितला नव्हता. तिला फक्त नातवंडं बघायची होती.

ते फोटो मी स्कॅन करायला घेतले २०११ मध्ये. सुट्टीच्या दिवशी दुपारी स्कॅनर लावायचा, एकेक फोटो मऊ फडक्याने पुसून काचेवर पालथा ठेवायचा, तो दिव्याचा पट्टा सरकेपर्यंत मागची आजीची तारीख वाचायची. कामाला वेग आला आणि जागा संपली, नेमका तेव्हाच डिस्कचा भाव एकाएकी दुप्पट झाला. त्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला होता. अयुथ्या भागातल्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या; वेस्टर्न डिजिटलचा मोठा कारखाना तिथेच, तबकडी फिरवणाऱ्या मोटरी बनवणाऱ्या निदेक कंपनीचे कारखानेही तिथलेच. पुरात गेलेले फोटो वाचवायला डिस्क हवी आणि ती दुसऱ्या कुठल्या तरी पुरामुळे मिळत नाही, हे तेव्हा मला फार लागलं होतं. बातम्यांत तिथल्या कामगारांचे फोटो यायचे, कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर गाठोडी घेऊन निघालेले, आणि मला त्यांच्या घरांतले अल्बम आठवायचे, जे मी कधी बघितले नव्हते. तेव्हा वाट बघितली. पाणी ओसरलं, कारखाने पुन्हा उभे राहिले, भाव हळूहळू खाली आले. २०२१ मध्ये चिया नावाचं डिस्कच्या जागेवर चालणारं आभासी चलन निघालं, तेव्हा पुन्हा काही महिने भाव चढले आणि मग उतरले. आत्ताचं तसं दिसत नाही. हे ओसरणारं पाणी नाही, कारण यामागे अपघात नाही. कुणीतरी पैसे मोजून, करार करून, पुढच्या काही वर्षांची जागा आधीच घेऊन ठेवलीय.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत मामाच्या घरात शिरलं. गावभागातलं जुनं घर, माडीपर्यंत पाणी. आजी तोवर गेलेली होती, पण तिचा डबा तिथेच होता. स्कॅन झाल्यावर मी तो परत नेऊन दिला होता, तिचा म्हणून. मामाचा फोन आला तो चौथ्या-पाचव्या दिवशी, कुणाच्या तरी चार्जरवर फोन लावून. आधी सगळे सुखरूप असल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "डबा गेला गं. पण तुझ्या त्या डब्यात आहेत ना सगळे?" मी आहेत म्हणाले. "मग हरकत नाही," म्हणाला, आणि म्हशीचं काय झालं ते सांगायला लागला.

त्याच वर्षी डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न झालं. पुढे ढकलू या, असं सगळे म्हणत होते. मामाने ऐकलं नाही. भिंतीवर पाण्याची रेघ होती, तिच्यावर घाईघाईने चुना फासला होता, तरी ती खालून दिसायची. मांडव दारात, जेवणं शेजारच्या हॉलमध्ये. पंगतीत मामा स्वतः मठ्ठ्याचा जग घेऊन फिरत होता. मुलीच्या बापाने त्या दिवशी इतकं धावू नये म्हणून मामी मागून हाका मारत होती आणि हा वाकून वाकून एकेकाला, "अर्धी वाटी! माझ्या हातची अर्धी वाटी!" म्हणत वाढत होता. धोतराचा सोगा मठ्ठ्यात भिजलेला. आमच्या घरातली जी माणसं त्या दिवशी त्या पंगतीत होती, ती सगळी पुन्हा एकत्र आली नाहीत. चार महिन्यांत सगळं बंद झालं. मामा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. त्याच्याआधी धाकटी आत्या, नंतर मामीचे थोरले भाऊ.

एकोणीसची लग्नं म्हणजे ही.

आपल्याकडे किती घरांत असं झालं असेल. पूर्ण गोतावळा जमल्याचं, सगळ्यांच्या हालत्या-बोलत्या चेहऱ्यांचं शेवटचं चित्रण त्या वर्षीच्या लग्नांत आहे. आणि ते घरच्यांकडे नाही. घरच्यांकडे असतो तो तयार व्हिडिओ, पाऊण तासाचा, गाण्यांवर कापलेला, नवरा-नवरी हळू गतीने चालताना, अक्षता हवेत थांबलेल्या. त्यात मामा दिसतो तो कन्यादानाच्या वेळी, डोक्यावर टोपी, चेहरा इतका गंभीर की तो मामा वाटतच नाही. आमचा मामा आहे तो रॉमध्ये, म्हणजे फोटोग्राफरकडे पडून असलेल्या न कापलेल्या चित्रणात. कॅमेरावाला पंगतीतून सहज फिरवत नेतो, कुणीतरी घास तोंडात असताना हात आडवा धरतं, कोपऱ्यात एखादी म्हातारी दुसरीच्या कानाशी लागून काहीतरी सांगून पदराआड हसते. संकलन करणारा ते टाकून देतो, आणि त्याचं बरोबरच आहे. लग्नाच्या व्हिडिओत त्याचं काम नाही. पण आपल्याला ती माणसं हवी असतात ती तशीच. मामेबहिणीच्या फोनवर त्या पंगतीची एक छोटी फीत आहे, व्हॉट्सअॅपवरून इकडून तिकडे जाऊन जाऊन चौकोन-चौकोन झालेली. मामाचा चेहरा त्यात कळत नाही. "अर्धी वाटी" एवढं मात्र ऐकू येतं.

डिस्क स्वस्त होती त्या वर्षांत आपल्याला निवड करावी लागत नव्हती, हे मला फार मोठं वाटतं. छत्तीस फोटोंचा रोल असताना निवड आधीच व्हायची. रोल कुणावर खर्च करायचा? वाढदिवस असलेल्या मुलावर, नवीन सुनेवर, परदेशातून आलेल्यावर. आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी माझ्या लहानपणाची सगळी वर्षं रोज घरात होत्या, त्यांचा एकही फोटो नाही. एका फोटोत मोरीच्या दाराशी त्यांची पाठ दिसते तेवढीच. विधवा म्हणून मागे राहणारी आत्याआजी ग्रुप फोटोत कधी पुढे आली नाही. जागा कमी असली की कोण वगळलं जातं, ते घराघरांतले जुने अल्बम बघितले की कळतं. जागा स्वस्त झाली आणि ही माणसं फोटोंत यायला लागली, कुणी ठरवून नव्हे, नुसती आजूबाजूला होती म्हणून. आता पुन्हा एखादा मुलगा दुकानात उभा राहून ठरवतो की काय उडवायचं. त्याला मी दोष देत नाही. एका लग्नाचं रॉ तीन-चारशे जीबी, मोसमात तीस-चाळीस लग्नं, करारात लिहिलेलं असतं की सहा महिन्यांनंतर जबाबदारी नाही. त्याने इतकी वर्षं ठेवली ती स्वतःच्या खर्चाने.

माझी नोकरी घणसोलीला. ठाण्याहून पनवेलच्या गाडीत बसलं की ऐरोलीपासून पुढे त्या इमारती लागतात. पूर्वी या पट्ट्यात रसायनांचे कारखाने होते, रबाळ्याला नाकाला रुमाल लागायचा. आता एकामागून एक डेटा सेंटर. उंच, करड्या, खिडक्या नसलेल्या भिंती, गच्चीवर थंडाव्याची अवजड यंत्रं, कुंपणाच्या आत ओळीने मांडलेले जनरेटर. माणूस क्वचितच दिसतो. मला त्यांचा राग येत नाही. आमचा पगार, बाबांच्या रुग्णालयाचे रिपोर्ट, भाजीवाल्याला केलेले पैसे, सगळं अशाच कुठल्या तरी भिंतीआडून येतं. भावाचा फोन लोकलमध्ये गेला तेव्हा त्याच्या मुलीचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो क्लाऊडवर होते म्हणून वाचले. त्या रात्री वहिनी रडायची थांबली ती ते उघडून बघितल्यावरच. पण २०२१ च्या जूनपासून गुगलची फोटोंची अमर्याद फुकट जागा बंद झाली, आणि फुकटची पंधरा जीबी भरायला आता एक सहलसुद्धा पुरते. भाऊ दोन टीबीच्या जागेचे वर्षाला साडेसहा हजार भरतो. दरवर्षी, कायमचे. डिस्क घेतली की ती आपली. पाच-सात वर्षं चालते, कपाटात राहते, तिला इंटरनेट लागत नाही, तिच्यासाठी कुणाच्या अटी मान्य कराव्या लागत नाहीत. जी डिस्क माझ्या कपाटात आली असती ती ऐरोलीच्या भिंतीआड किंवा दूर कुठल्या तरी देशातल्या तशाच भिंतीआड गेली, आणि तिच्यातलाच एक तुकडा मला महिन्याच्या भाड्याने मिळतोय, हे मला पटत नाही. नोकरी आहे तोवर भाडं भरेन. माझ्यामागे कोण भरेल?

आणि त्या भिंतींआड एवढं काय साठतंय, तर त्यात यंत्रांनी बनवलेली चित्रंही आहेत. गेल्या गणपतीत पुतण्याने आमच्या पणजीचा एकमेव फोटो एआयला देऊन रंगीत करून आणला. सगळे कौतुकाने बघत होते. पणजी हसत होती, डोळे मिचकावत होती, मान वळवत होती. नव्वदीला टेकलेल्या थोरल्या आत्यांनी चष्मा लावून बघितलं आणि फोन परत दिला. "ही आमची आजी नव्हे. तिला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं, ती मान अशी वळवायचीच नाही. आणि निळं लुगडं तिने जन्मात नेसलं नाही." पुतण्याचा चेहरा पडला, आत्यांना वाईट वाटलं, त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. असलेलं चित्रण जागेअभावी पुसायचं आणि नसलेलं बनवायला जागा द्यायची, हे माझ्याच्याने समजून घेणं होत नाही.

त्या दिवशी ठाणं मागे पडल्यावर मी मामेबहिणीला फोन केला, कल्याण यायच्या आत तिने लग्नाच्या फोटोग्राफरचा नंबर शोधला. मिरजेचा माणूस. नाव सांगितल्यावर त्याने जरा वेळ घेतला. "पुराच्या वर्षाचं ना? भिंतीला रेघ होती ते घर? आहे ताई, आहे. पण दिवाळीनंतर नाही ठेवता यायचं मला. डिस्क घेऊन या, कॉपी मारून देतो." रॉ भरलं चारशे जीबीच्या आत. आम्हा मामे-आते भावंडांच्या ग्रुपवर मी भाव टाकला, तासाभरात वर्गणी जमली, आणि चार टीबीच्या एका डिस्कऐवजी एक टीबीच्या तीन घेतल्या: एक सांगलीला मामीकडे माडीवर, एक मामेबहिणीकडे पुण्यात, एक माझ्याकडे. मला हवी होती ती मोठी पुढच्या वर्षी बघू. सध्या टक्‌-टक्‌ करणारीवरचं आधी काय उतरवायचं याची यादी केलीय आणि आजीचा डबा पहिला आहे.

डिस्क द्यायला मामेबहीण स्वतः मिरजेला गेली. कॉपी व्हायला वेळ लागतो, तोवर फोटोग्राफर तिच्याशी बोलत बसला. त्या मोसमातली बरीच लग्नं अजून त्याच्याकडे आहेत. मेसेज टाकले, म्हणाला, पण निम्मे नंबर बदललेत, आणि एका ठिकाणी फोन उचलणाऱ्या मुलीने सांगितलं की ज्यांनी बुकिंग केलं होतं ते तिचे आजोबाच राहिले नाहीत. त्या मुलीला चित्रण हवंय, डिस्क घेणं जमत नाहीये. मामेबहिणीने त्याला सुचवलं की सगळं नको, पंगत आणि घरातलं तेवढं काढून दे, चौसष्ट जीबीच्या पेनड्राइव्हवर बसेल. त्याने आधी डोकं खाजवलं, कारण हे काढायचं म्हणजे प्रत्येक लग्नामागे त्याचा अर्धा दिवस जाणार. मग हो म्हणाला. ज्यांचे नंबर बदललेत त्यातली तीन घरं गावभागातलीच निघाली, मामी ओळखते त्यांना. एका घरी ती परवा जाऊन सांगून आली, उरलेल्या दोन घरांकडे रविवारी जाणार आहे.